मेमरीचा सातबारा: एका ठिबक नियंत्रकाचं प्रकरण

डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला निफाडच्या बाजूने फोन आला. "भाऊ, तुमचं यंत्र झोपलं का? रात्री लाइट आली तेव्हापासून तीन नंबरचा कॉक चालूच आहे. सप्टेंबरअखेर छाटलेली बाग माझी, मण्यात पाणी उतरायला लागलंय, आणि इकडं सरीत चिखल झालाय."

आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. नानांनी विश्वासाने आमची दोन यंत्रं चाचणीसाठी बागेत बसवू दिली होती. मणी भरताना पाणी मापात लागतं. जास्त झालं तर मणी तडकतो आणि वर्षभराची मेहनत बेदाण्याच्या भावाने जाते. मी विचारलं, "नाना, रात्री मेसेज आला का थंडीचा?" ते म्हणाले, "पहिला आला, तीन वाजता. पाच पूर्णांक सहा अंश. नंतर काहीच नाही."

पहिला आला आणि दुसरा आला नाही, या एका वाक्यात सगळं प्रकरण दडलेलं होतं. ते समजायला मला चार दिवस लागले. त्यातले तीन दिवस मी चुकीच्या जागी शोधत होतो. आपल्याकडे छोट्या युनिटमध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी मॅप फाइल, म्हणजे मेमरीत कुठे काय बसलंय याची यादी, कधी उघडलेलीच नसते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मीही सात वर्षं ती उघडली नव्हती.

यंत्र काय आहे

अंबड एमआयडीसीतल्या एका लहान शेडमध्ये आम्ही ठिबकचे नियंत्रक बनवतो. सहा कॉक, एक प्रेशर सेन्सर, तापमान मोजणारा एक थर्मिस्टर आणि एसएमएससाठी एक जीएसएम मोडेम. कॉकवरची सोलेनॉइड लॅचिंग प्रकारची आहेत. उघडायला एक पल्स, बंद करायला उलटी पल्स, मधल्या काळात वीज लागत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला हे सोयीचं, पण याचा दुसरा अर्थ असा की मेंदू बंद पडला तरी कॉक उघडा तो उघडाच राहतो.

मेंदू म्हणजे एसटीएम३२ एफ०३० मालिकेतला ४८ पायांचा मायक्रोकंट्रोलर. आतला प्रोसेसर कॉर्टेक्स एम०, फ्लॅश (प्रोग्रॅम कायम ठेवणारी मेमरी) ३२ केबी, रॅम (काम चालू असतानाची मेमरी) ४ केबी. दशांश गणितासाठी हार्डवेअर नाही, भागाकारासाठीसुद्धा नाही. आमच्या कामाला तो पुरेसा होता.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्यांनी एक मागणी केली. निफाड परिसरात थंडी कशी पडते हे नाशिककरांना सांगायला नको. पारा घसरला की बागायतदार पहाटे उठून विहिरीचं उबदार पाणी ठिबकने सोडतात, शेकोट्या पेटवून बागेत धूर करतात. त्यांना वेळेवर जागं करणारा मेसेज हवा होता: तापमान सहा अंशांखाली गेलं की एक, आणि पुढे दर अर्ध्या तासाला एक. हा भाग लिहिला आणि लिंकरने, म्हणजे कोडचे तुकडे जोडून मेमरीत बसवणाऱ्या साधनाने, दोन चुका दाखवल्या. फ्लॅश २,९१६ बाइटने ओसंडली होती, रॅम ४७२ बाइटने.

मोठ्या मेमरीचा भाग घ्यावा, असं कुणीही म्हणेल. पण २०२१ मध्ये चिपची जगभर टंचाई होती आणि एसटीएमचे भाग मागून मिळत नव्हते. आमच्याकडे दीडशे बोर्ड आधीच सोल्डर होऊन पडलेले होते. त्यांच्यावर जे बसलं होतं त्यातच भागवणं क्रमप्राप्त होतं.

त्या संध्याकाळी मी दोन बदल केले. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं साधन, त्याचा ऑप्टिमायझेशनचा पर्याय ‘ओजी’ होता तो ‘ओएस’ केला, म्हणजे वेगापेक्षा आकाराला महत्त्व. प्रोग्रॅम ३२,४८० बाइटवर आला, २८८ बाइट शिल्लक राहिले. दुसरा बदल लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिंकरला मेमरीची मापं सांगणाऱ्या फाइलमध्ये. तिथे किमान हीप (चालू प्रोग्रॅमने मागून घ्यायची रॅम) ५१२ आणि किमान स्टॅक (फंक्शन चालताना त्याला लागणारी तात्पुरती रॅम) १,०२४ असे दोन आकडे होते. हीप मी शून्य केला, कारण हीपमधून जागा मागणारं फंक्शन, मॅलॉक, आम्ही कुठेच वापरत नव्हतो. स्टॅक ५१२ केला. लाल अक्षरं गेली, बिल्ड पार पडला, मी घरी गेलो.

दुसऱ्या बदलाबद्दल स्पष्ट लिहितो. लिंकर मला सांगत होता की तुझ्या स्टॅकला जागा उरलेली नाही. मी त्याचं मोजमाप बदलून त्याला गप्प केलं. नानांच्या बागेतला चिखल त्या एका ओळीतून आला.

तीन वाया गेलेले दिवस

फोननंतर मी मोडेमवर संशय घेतला, मग अँटेनावर, मग रात्री लाइट येते तेव्हाच्या व्होल्टेजच्या झटक्यावर. शेडमध्ये टेबलावर यंत्र तीन दिवस सुरळीत चालत होतं. चौथ्या दिवशी आमच्या ज्युनिअरने एक साधा प्रश्न विचारला, "सर, इथं तापमान सहाच्या खाली जातच नाही ना? मग मेसेजचा तो कोड टेबलावर चाललाय कधी?"

थर्मिस्टर बर्फाच्या पाण्यात बुडवला. पहिला मेसेज बरोबर गेला. चाचणीसाठी अर्ध्या तासाचा अवधी एका मिनिटावर आणला होता. दुसऱ्या मेसेजच्या वेळी यंत्र हार्ड फॉल्टमध्ये गेलं, म्हणजे प्रोसेसर चुकीवर अडकला, आणि अडकलेलं यंत्र ओळखणाऱ्या वॉचडॉगने त्याला पुन्हा सुरू केलं. सुरू होताना रॅम पुसली जाते, त्यामुळे कॉक उघडा असल्याची नोंदही गेली. यंत्राच्या लेखी सगळे कॉक बंद होते, म्हणून बंद करायची पल्स त्याने कधी दिलीच नाही.

(सुरू होताच सहाही कॉकना बंदची पल्स द्यायची, ही दुरुस्ती आम्ही त्याच तासाला केली. ती मुळातच असायला हवी होती. पण ती उपाययोजना झाली. फॉल्ट का आला, याचं उत्तर ती देत नाही.)

मॅप फाइल कशी वाचायची

लिंकरला ‘मॅप’चा पर्याय दिला की तो बिल्डसोबत एक साधी मजकूर फाइल लिहितो. कोड लिहायची बहुतेक सॉफ्टवेअर (आयडीई) ती न सांगताही लिहितात; आमच्या प्रत्येक बिल्डच्या फोल्डरमध्ये ती पडून होती. आठ हजार ओळी बघून माणूस बिचकतो. पण ज्याने शेतीचा सातबारा वाचला आहे त्याला ती वाचता येते, आणि मी ज्युनिअरला ती तशीच समजावली.

सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, खातेदार असतो. इथे पत्ता, आकार आणि ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे एका कोड फाइलचा कंपाइल झालेला तुकडा. फ्लॅशची जमीन ०एक्स०८०००००० पासून सुरू होते, रॅमची ०एक्स२००००००० पासून ०एक्स२०००१००० पर्यंत. सगळे आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, म्हणजे ४०० दिसलं तर ते १,०२४ बाइट. ‘टेक्स्ट’मध्ये सूचना, ‘आरओडेटा’मध्ये न बदलणारे तक्ते आणि मजकूर, ‘डेटा’मध्ये सुरुवातीची किंमत असलेली चलं, ‘बीएसएस’मध्ये शून्यापासून सुरू होणारी. यातला ‘डेटा’ दोन्हीकडे जागा अडवतो. त्याची मूळ किंमत फ्लॅशमध्ये ठेवावी लागते आणि सुरू होताना ती रॅममध्ये उतरवली जाते. मॅपमध्ये त्याच्यासमोर ‘लोड ॲड्रेस’ वेगळा लिहिलेला असतो तो यामुळे. मध्येच ‘फिल’ नावाच्या एक-दोन-तीन बाइटच्या ओळी दिसतात. पुढची वस्तू चारच्या पटीत बसवायला सोडलेली ती मोकळी जागा. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात तसंच: क्षेत्रात धरायचं, पण पिकत काही नाही.

‘साइझ’ हे साधन फक्त तीन बेरजा देतं. ती आठ-अ ची बेरीज झाली. वाद सोडवायला ती पुरत नाही. वादाला सातबाराच लागतो.

पण सातबाऱ्यात नसलेली एक गोष्ट मॅपमध्ये अगदी सुरुवातीला असते, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा भाग आहे. लायब्ररीतला प्रत्येक तुकडा कोणामुळे आत आला, त्याची यादी. डावीकडे आलेल्याचं नाव, त्याखाली बोलावणाऱ्या फाइलचं नाव आणि कंसात तिने मागितलेलं फंक्शन. आकार मोठा का आहे, हा प्रश्न लोक शेवटच्या भागाला विचारतात. मी म्हणेन, आधी हा पहिला भाग वाचा. कोण किती जागा खातो हे नंतर; त्याला मांडवात कोणी आणलं हे आधी.

रॅमच्या बांधावर

‘बीएसएस’ जिथे संपतो तिथवर ३,०३२ बाइट भरलेले होते. ४,०९६ मधून ते वजा केले की १,०६४ उरतात. स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली उतरतो, तर त्याला हजार बाइट मिळाले असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या यादीत मॅलॉक आणि त्याचा भाऊ कॅलॉक दोन्ही होते.

आम्ही कुणीही ते लिहिले नव्हते. बोलावणारा बघितला. कॅलॉकला बोलावलं होतं एमप्रेक या फाइलने, एमप्रेकला डीटोएने. डीटोए म्हणजे दशांश संख्या अक्षरांत छापायचं सी लायब्ररीतलं फंक्शन. तापमान "५.६" असं लिहायला मी मजकूर तयार करणाऱ्या स्प्रिंटएफ या फंक्शनमध्ये दशांशाचा पर्याय वापरला होता. ते छापण्यासाठी डीटोए मोठमोठ्या पूर्णांकांचं गणित करतं, त्यासाठी हीपमधून तुकडे घेतं, आणि काम झाल्यावर ते परत न देता पुढच्या वेळेसाठी स्वतःच्या यादीत राखून ठेवतं.

म्हणजे मी ज्या जमिनीला मोकळी समजत होतो तिच्यावर एक कूळ होतं, आणि त्याची नोंद इतर हक्कात स्पष्ट लिहिलेली होती. मी उतारा काढला नव्हता, इतकंच.

आता क्रम जुळला. तापमान सहाखाली गेलं, पहिला मेसेज छापताना डीटोएने ‘बीएसएस’च्या लगेच वर हीपमध्ये तुकडे घेतले आणि राखून ठेवले. आमच्या प्रकल्पातलं एसबीआरके हे फंक्शन हीपला किती वर चढू द्यायचं हे त्या किमान स्टॅकच्या आकड्यावरूनच ठरवतं, आणि तो मी ५१२ केला होता, म्हणून त्याने हरकत घेतली नाही. मग मेसेज पाठवणारं फंक्शन सुरू झालं. त्याच्या पोटात दोन बफर होते, एक २८८ बाइटचा आणि एक १६० चा. त्याखाली मोडेमशी बोलणारी फंक्शन्स, आणि नेमक्या त्याच वेळी मोडेम उत्तर देत असल्याने वरून युआर्टचा इंटरप्ट, म्हणजे मोडेमच्या तारेवर बाइट आला की चालू काम थांबवणारी हाक. कॉर्टेक्स एम० प्रत्येक इंटरप्टला आठ रजिस्टर, म्हणजे ३२ बाइट, आपोआप स्टॅकवर ठेवतो. त्या हाकेला उत्तर देणाऱ्या कोडची गरज त्यावर वेगळी. स्टॅक उतरत उतरत बांध कोरून हीपच्या शेतात शिरला आणि डीटोएने राखलेल्या तुकड्यांवर लिहून गेला. त्या क्षणी काही बिघडलं नाही, पहिला मेसेज गेला. अर्ध्या तासाने डीटोएने आपला राखलेला तुकडा उचलला, त्यातला पत्ता कचरा होता, आणि यंत्र कोसळलं.

खात्री करायला रिकामी रॅम सुरुवातीला एका ठराविक आकड्याने भरून ठेवली आणि पहिल्या मेसेजनंतर डीबगरमधून बघितली. हीप आणि स्टॅकच्या मध्ये तो आकडा एकाही जागी शिल्लक नव्हता.

एकाला काढलं, दुसरा उभा

दशांश छपाई काढायची, हे ठरलं. त्यानिमित्ताने फ्लॅशचाही उतारा नीट वाचला. ३२,४८० पैकी १३,४१२ बाइट फक्त दशांश छपाई, दुहेरी अचूकतेचं गणित आणि लॉगरिदम यांनी घेतले होते. आमचा स्वतःचा सगळा कोड ६,८०० होता. कॉर्टेक्स एम० वर डबलची, म्हणजे दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्यांची, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ही प्रत्येक क्रिया सॉफ्टवेअरने करावी लागते, आणि लायब्ररीतलं त्यातलं एकेक फंक्शन दीड केबीच्या आसपास असतं. सहा कॉक उघडणाऱ्या यंत्राला एवढं गणित कशासाठी?

यादीत डबलच्या गुणाकाराला बोलावणारी म्हणून सेन्सरच्या फाइलचं नाव होतं. थर्मिस्टरचं तापमान काढायला तिथे लॉगरिदमचं सूत्र होतं. ते काढून तक्ता घातला: १२ बिटच्या वाचनाच्या दर १६ पायऱ्यांना एक नोंद, अशा २५७ नोंदी, प्रत्येक दोन बाइटची, अंशाच्या दहाव्या भागात. पुन्हा बिल्ड केला. लॉगरिदम गेला, पण डबलचा गुणाकार जागच्या जागी. आता त्याला बोलावणारी फाइल वेगळी होती: बॅटरीची.

इथे बरेच जण वैतागून सोडून देतात, म्हणून थांबून सांगतो. ही यादी प्रत्येक तुकड्यासमोर बोलावणाऱ्या एकाच फाइलचं नाव लिहिते, जिने पहिल्यांदा मागणी केली तिचं. तिच्यामागे पाच जण उभे असले तरी ते दिसत नाहीत. एकाला काढलं की दुसरा पुढे येतो. सगळे एकदम बघायचे तर लिंकरला ‘सीरेफ’चा पर्याय द्यावा लागतो, मग फाइलच्या शेवटी प्रत्येक नावासमोर ते वापरणाऱ्या सगळ्या फाइलींची यादी येते. मला तो पर्याय तेव्हा माहीत नव्हता, म्हणून आम्ही एकेक करत गेलो.

बॅटरीच्या फाइलमध्ये चूक अगदी बारीक होती. चल फ्लोट, म्हणजे एकेरी अचूकतेचं, होतं, पण गुणताना नुसतं ३.३ लिहिलं होतं, मागे ‘एफ’ नव्हता. सी भाषेत तसा स्थिरांक डबल असतो, आणि त्याच्या संगतीने सगळी ओळ डबल होते. ती मिलिव्होल्टमध्ये पूर्णांकात नेली. पुन्हा बिल्ड. आता बोलावणारा डीटोए. आणि डीटोएला बोलावणारी, दशांश छापणारी लायब्ररीतलीच फाइल. आणि तिला?

तिच्यासमोर फाइलचं नावच नव्हतं. कंसात फक्त मागितलेलं फंक्शन.

मी दहा मिनिटं त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. कोडमधून कुणी बोलावलेलं नसेल तर बोलावणं येतं लिंकरच्या आदेशातून. आम्ही सी लायब्ररीची लहान आवृत्ती, नॅनो, वापरत होतो. तिच्यात दशांश छपाई मुळात जोडलेलीच नसते. हवी असेल तर प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते, आणि ती खूण लिंकरला सांगते की हे फंक्शन लागणारच आहे असं समज. खूण काढली. डीटोए, एमप्रेक, डबलचे चारही व्यवहार, सगळं एकदम गेलं.

दोन इशारे. नॅनोमध्ये ही खूण नसताना स्प्रिंटएफला दशांशाचा पर्याय दिला तर ते चूक दाखवत नाही, त्या जागी काहीच छापत नाही. आमच्या एका मेसेजमध्ये "तापमान अंश" असं आलं तेव्हा एक विसरलेली ओळ सापडली. आणि दहाव्या भागातला पूर्णांक दहाने भागून पूर्णांक आणि शेष वेगळे छापताना ऋण चिन्ह जपा. उणे ५ ला १० ने भागलं की शून्य येतं आणि शून्याला चिन्ह नसतं, उणे अर्धा अंश "०.५" म्हणून छापला जातो. गारठ्याचा इशारा देणाऱ्या यंत्रात याहून वाईट चूक कोणती? बर्फात मीठ घालून पारा शून्याखाली नेला तेव्हाच ती दिसली.

मॅलॉक मात्र अजून यादीत होता. आता त्याला बोलावणारा स्प्रिंटएफच्या आतला तुकडा होता. तो प्रत्यक्षात कधी चालणार नव्हता, पण मला तो नकोच होता. ज्युनिअरने चाळीस ओळींचं पूर्णांक छापणारं फंक्शन लिहिलं आणि स्प्रिंटएफलाच निरोप दिला.

एक अक्षर, चार बाइट

उतारा चाळताना मेसेजच्या फाइलसमोर ‘आरओडेटा’मध्ये ५,७८४ बाइट दिसले. एवढे?

आमचे मेसेज मराठीत जातात. त्यावर तडजोड नाही. पहाटे तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला इंग्रजी वाचायला लावायचं नाही. पण मराठी एसएमएस युनिकोडमध्ये पाठवावा लागतो, त्यात १६० ऐवजी ७० संकेत (चिन्हांचे आकडे) बसतात, आणि मोडेमला प्रत्येक संकेत चार हेक्स अंकांत द्यावा लागतो. सोपं म्हणून मी चोवीस मेसेज तयार हेक्स मजकुरातच साठवून ठेवले होते. एका संकेताला चार बाइट.

युनिकोडमध्ये देवनागरीचा गट ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे. जागा बरोबर १२८, म्हणजे सात बिट. एका बाइटचा वरचा बिट एक असेल तर देवनागरी, शून्य असेल तर साधं इंग्रजी चिन्ह. पाठवताना एकेक बाइट वाचायचा, चार अंक करायचे आणि तिथल्या तिथे मोडेमला द्यायचे. तक्ता १,४६४ बाइटवर आला, रूपांतराला ९२ बाइट लागले. आणि अख्खा मेसेज हेक्समध्ये साठवणारा तो २८८ बाइटचा बफर स्टॅकवरून कायमचा गेला. फ्लॅशसाठी केलेला बदल रॅमच्याही उपयोगी पडला.

याच कामात मराठीबद्दल एक गोष्ट कळली. ७० संकेत म्हणजे ७० अक्षरं नव्हेत. मात्रा वेगळी मोजली जाते, हलन्त वेगळा. ‘व्हॉल्व्ह’ या शब्दाला नऊ संकेत लागतात. ‘कॉक’ला तीन. शेतकरी कॉकच म्हणतात. पुढच्या आवृत्तीत आम्हीही तेच लिहिलं.

रॅमकडे परत

मॅपची एक सवय लागल्यावर मागची आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक बघू लागलो. फेरफार नोंदवहीच ती. थर्मिस्टरचा तक्ता घातला त्या दिवशी फ्लॅशचा आकडा अपेक्षेप्रमाणे वाढला, पण ‘डेटा’सुद्धा हेक्स २०२ ने, म्हणजे ५१४ बाइटने वाढला होता. तक्त्यापुढे ‘कॉन्स्ट’ लिहायचं राहिलं होतं. कंपायलरला वाटलं हा तक्ता कधीतरी बदलणार, म्हणून त्याने तो ‘डेटा’त घातला आणि फ्लॅशमधल्या प्रतीसोबत रॅममध्येही त्याला जागा गेली. फ्लॅश किती भरली एवढंच बघणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं. एक शब्द लिहिला, रॅम परत मिळाली.

आणखी १,०२४ बाइटचा एक लॉग बफर सापडला, बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना घातलेला. न वापरलेले तुकडे टाकून देण्याचा पर्याय लिंकरला दिलेला होता. तरी तो टिकला, कारण युआर्टचा इंटरप्ट त्यात अजून लिहीत होता. वाचत मात्र कुणीच नव्हतं. अशी वस्तू लिंकर टाकून देऊ शकत नाही. ती माणसालाच ओळखावी लागते.

शेवटी फ्लॅश १३,८०४ बाइट, रॅम १,९०८. स्टॅकला २,१८८ बाइट मोकळे, आणि बर्फाच्या पाण्यात रात्रभर मेसेज पाठवूनही त्यातले जास्तीत जास्त ६१२ वापरले गेले. किमान स्टॅकचा आकडा पुन्हा १,०२४ केला. मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या आदेशांच्या फाइलमध्ये, एक तपासणी घातली: मॅपमध्ये मॅलॉक किंवा डीटोए सापडलं तर बिल्ड थांबवायचा. प्रत्येक आवृत्तीची मॅप फाइल आता कोडसोबतच जपून ठेवतो.

नानांकडे नवं फर्मवेअर घेऊन मी स्वतः गेलो. काय चुकलं होतं आणि ते कोणाचं, हे बांधावर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता रात्री झोपू ना?"

जानेवारीत गारठा पुन्हा वाढला तेव्हा एका रात्रीत त्यांच्या यंत्राने सात मेसेज पाठवले, शेवटचा सहा चाळीसला, आणि तीन नंबरचा कॉक ठरल्या वेळी बंद झाला. सकाळी फोन आला. "सगळं बरोबर चाललंय. फक्त ते सेल्सिअस काढा मेसेजातून. अंश म्हटलं की कळतं आम्हाला."

‘सेल्सिअस’ला आठ संकेत, मागची मोकळी जागा धरून नऊ. पाच मेसेजमध्ये तो शब्द होता. दुपारी काढून बिल्ड केला आणि दोन मॅप शेजारी ठेवल्या. तक्ता ४५ बाइटने कमी झाला होता, फ्लॅश ४४ ने. उरलेला एक बाइट पोटखराब्यात गेला.